उन्हाचा हिशेब

बदलापूरची सकाळ फार लवकर उजाडते. सूर्य उगवण्यापूर्वीच ती सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. मुंबईचे शेवटचे स्थानक येथून सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. तेथील कचेरीत वेळेवर पोहोचायचे, तर पहाटेची गाडी गाठावी लागते. म्हणून चार-साडेचारच्या सुमारास घराघरांतून दिवे लागतात, स्वयंपाकघरात डबे भरले जाऊ लागतात आणि स्नानगृहातील तोटी उघडली जाते. त्या तोटीतून ऊन पाणी आले, तर दिवसाचा आरंभ बरा होतो. थंड पाणी आले, तर घरात कुरकुर सुरू होते. डिसेंबरच्या पहाटे उल्हास नदीवरून गार वारा येत असताना तर विचारायलाच नको.

पूर्वी हे ऊन पाणी बंबात तापत असे. तांब्याचा लखलखीत बंब, त्याच्या मधोमध उभी नळी, खाली जाळ आणि वर धुराडे, असे त्याचे रूप होते. त्यात लाकडे, शेणी, कोळसा असे काही ना काही सतत घालावे लागे. बंबाचे काम कष्टाचे आणि धुराचे असे, यात शंका नाही. तथापि त्याचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. बंब कधी कोणाला फसवीत नसे. जाळ विझला की धूर थांबे, आणि धूर थांबला की ओसरीवर बसलेल्या आजोबांनाही ते कळे. बंबाला गळती लागली, तर पाणी विस्तवावर पडून चरचर आवाज होई. त्याचा दोष डोळ्यांना दिसे आणि कानांना ऐकू येई.

आता बंबाची जागा पुष्कळ ठिकाणी सूर्याने घेतली आहे. गावात जिकडे तिकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या काळ्या नळ्यांच्या रांगा दिसतात. या नळीची रचना मोठी चतुराईची असते. वस्तुतः ती एकात एक घातलेल्या दोन काचेच्या नळ्यांची बनलेली असते. आतल्या नळीवर काळा लेप असतो. तो ऊन शोषून घेतो. दोन्ही नळ्यांच्या मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे आत शिरलेल्या उष्णतेला बाहेर पडण्याची वाट सहसा सापडत नाही. ज्या कारणाने थर्मासमधील चहा गरम राहतो, तेच हे कारण होय. काही ठिकाणी नळ्यांऐवजी काचेचे झाकण असलेली चपटी पेटी असते. तिच्या आत तांब्याच्या काळ्या पट्ट्या व त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड असल्यामुळे खाली उतरते, आणि अशा रीतीने लहान घरातील टाकीचे पाणी आपोआप फिरत राहते. मोठ्या इमारतीत मात्र हे काम एका छोट्या पंपाकडे सोपवावे लागते.

या व्यवस्थेला सरपण लागत नाही, धूर होत नाही, राख काढावी लागत नाही. एवढे सगळे चांगले असताना उणीव ती कोणती?

उणीव अशी की, ही यंत्रणा मुकी आहे. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवशी पाणी तापावे म्हणून टाकीत विजेचा हीटर बसवलेला असतो. पाण्याचे तापमान ठरावीक अंशाच्या खाली गेले की तो आपोआप चालू होतो. योजना उत्तमच आहे. परंतु तिच्यामुळेच एक विचित्र गोष्ट घडते. समजा, गच्चीवरील शंभर नळ्यांपैकी पंधरा नळ्यांत हवा शिरली. किंवा काचांवर धुळीचा जाड थर बसला. किंवा विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांनी तांब्याच्या नळ्या आतून चोंदल्या. सूर्याकडून मिळणारी उष्णता घटली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या तोटीतून येणारे पाणी पूर्वीइतकेच ऊन आहे! कारण उणीव भरून काढायला वीज धावून आलेली असते. स्नान करणाऱ्याला काही कळत नाही. गच्चीवर नळ्या पूर्वीसारख्याच चमकत असतात. दोन-तीन महिन्यांनी विजेचे बिल वाढलेले दिसते. तेव्हा सभासद एकमेकांना विचारतात, पाणी चढवण्याच्या पंपाला दोष देतात, जिन्यातील दिव्यांना दोष देतात. सूर्यावर कोणीही संशय घेत नाही. अशा रीतीने सूर्याच्या नावाने विजेवर तापणारे पाणी वर्षानुवर्षे वापरले जाऊ शकते. पुढे कधी तरी हा प्रकार उघडकीस येतो, आणि मग लोक म्हणतात, “ही सौरयंत्रे काही खरी नव्हेत.” यंत्र बिघडले होते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. यंत्रावरचा विश्वास तेवढा जातो.

सूर्याच्या उष्णतेवर कोणी तरी लक्ष ठेवले पाहिजे, ही गोष्ट नवी नाही. बदलापूरची गाडी मुंबईस जेथे थांबते, तेथून कुलाबा फार दूर नाही. त्या कुलाब्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एक विलक्षण प्रयोग झाला होता. मुंबईच्या उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाला सूर्याच्या उष्णतेने वाफ करण्याचा छंद लागला. त्याने अनेक साधे सपाट आरसे अर्धवर्तुळाकार चौकटीत अशा रीतीने बसवले की, सर्वांचे कवडसे एकाच बाष्पकावर पडावेत. त्या वाफेवर त्याने अडीच अश्वशक्तीचे एंजिन चालवून पाणी उपसून दाखवले. १८७८ मध्ये त्याने या विषयावर मुंबईत एक पुस्तकही प्रसिद्ध केले. त्याने आरशांची एक चूलही बनवली होती. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या ऐन थंडीत, तिच्यावर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले. परंतु सूर्य एका जागी थांबत नाही. तो जसजसा सरके, तसतशी ती आरशांची चौकट रुळावरून सरकवावी लागे, आणि त्यासाठी एक माणूस दिवसभर उन्हात उभा ठेवावा लागे. त्या माणसाचे नाव इतिहासात नोंदलेले नाही. सूर्ययंत्राचा तो पहारेकरीच होता, असे म्हणावयास हरकत नाही. त्याचे डोळे कवडशावर असत आणि हात चौकटीवर. तो जोवर जागा होता, तोवर दोष लपून राहणे शक्य नव्हते.

आज ती चौकट सरकवण्याचे काम यंत्रे करतात. लातूर येथे महानंद दुग्धशाळेत २००६ साली १६० चौरस मीटर क्षेत्रफळाची आरशांची एक प्रचंड थाळी बसवण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांच्या आणि मुंबईच्याच एका कंपनीच्या प्रयत्नांतून ती आकारास आली होती, आणि तिला ‘अरुण’ असे समर्पक नाव देण्यात आले. सूर्यफुलाने सूर्याकडे वळावे तशी ती थाळी दोन अक्षांवर फिरून दिवसभर सूर्याकडे तोंड ठेवी, आणि तिच्या उष्णतेने दूध तापवण्यासाठी लागणारे पाणी तापत असे. निर्जंतुक करण्याच्या एका रूढ पद्धतीत दूध ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून पंधरा सेकंद तेथेच ठेवावे लागते. तेथे दोन-चार अंशांची तूट चालत नाही. कारण ते दूध कोणाच्या तरी घरी लहान मुलाच्या पेल्यात जायचे असते. पुढे २००९ साली शिर्डी येथील साईबाबा संस्थानाच्या स्वयंपाकघराच्या छतावर अशाच, पण आकाराने लहान, ७३ थाळ्या बसवल्या गेल्या. त्यांतील प्रत्येकीचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर होते. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा भात व वरण शिजू लागले.

आता विचार करा. ७३ थाळ्यांपैकी एखादीचे फिरणे थांबले, आणि तिचा कवडसा आपल्या जागेवरून हातभर बाजूला पडू लागला, तर भात शिजायचा राहील काय? मुळीच नाही. बाकीच्या थाळ्या आणि गॅसची शेगडी तिचे काम वाटून घेतील. बदलापूरच्या गच्चीवर जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर येथेही घडू शकते. शिवाय मोठ्या थाळीत आणखी एक धोका असतो. पाणी फिरवणारा पंप बंद पडला आणि थाळी मात्र सूर्याकडे तोंड करून उभी राहिली, तर कवडसा ज्या भांड्यावर पडतो ते भांडे भलतेच तापून निकामी होते. अशा वेळी थाळीला ताबडतोब सूर्याकडून तोंड फिरवावे लागते. कुलाब्याचा पहारेकरी हे काम क्षणात करी. कारण तो तेथेच उभा होता. परंतु आज राज्यात ठिकठिकाणच्या गच्च्यांवर, वसतिगृहांवर, रुग्णालयांवर आणि कारखान्यांवर अशी यंत्रे आहेत. प्रत्येक ठिकाणी एक जाणकार माणूस दिवसभर उभा कसा करावयाचा?

यावर शोधलेला उपाय म्हणजे यंत्राला आपली प्रकृती स्वतःच कळवायला लावणे. वैद्य नाडी पाहतो, ताप मोजतो आणि मग बोलतो. येथेही आरंभ मोजण्यापासूनच होतो.

काय काय मोजावयाचे? गच्चीवर जाणाऱ्या थंड पाण्याचे तापमान, तेथून परतणाऱ्या ऊन पाण्याचे तापमान, आणि किती पाणी फिरले त्याचे माप, एवढे कळले म्हणजे किती उष्णता मिळाली, हे साध्या गुणाकाराने काढता येते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हा १,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर ३५,००० किलोकॅलरी उष्णता मिळाली. विजेच्या भाषेत सांगायचे तर ती सुमारे ४० युनिट झाली. तापमान मोजण्यासाठी प्लॅटिनम धातूची बारीक तार वापरतात. तापमान वाढले की त्या तारेचा विजेला होणारा विरोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो. शून्य अंशाला तो १०० ओहम असेल, तर १०० अंशांना साधारण १३८ ओहम होतो. मधल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ एक तापमान. पाण्याचे माप घेण्यासाठी नळात एक चिमुकले चाक बसवलेले असते. पाणी वाहू लागले की ते फिरते, आणि त्याचे फेरे मोजले जातात.

परंतु एवढ्याने भागत नाही. उष्णता कमी मिळाली याचा अर्थ यंत्र बिघडले असा होत नाही. त्या दिवशी ऊनच कमी असेल! म्हणून ऊनही मोजावे लागते. त्यासाठी काचेच्या घुमटाखाली काळी चकती बसवलेले एक उपकरण असते. त्याला पायरॅनोमीटर म्हणतात. निरभ्र दिवशी भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट ऊन पडते. घरात कपड्यांना इस्त्री करताना साधारण तेवढीच वीज लागते. गच्चीवर वीस चौरस मीटरची यंत्रणा असली, म्हणजे आकाशाने तेथे अशा वीस इस्त्र्या लावून ठेवल्या आहेत, असे समजावयास हरकत नाही.

आता हिशेब मांडता येतो. एके दिवशी त्या यंत्रणेवर १०० युनिट ऊन पडले आणि ५० युनिट उष्णता पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी ढग आले. ऊन ४० युनिटच पडले आणि उष्णता १७ युनिट मिळाली. यंत्रणेचा काही अपराध नाही. ढगाळ दिवशी हे प्रमाण थोडे उतरतेच. तिसऱ्या दिवशी मात्र ऊन पुन्हा १०० युनिट पडले, आणि उष्णता ३० युनिटच मिळाली. येथे पाणी मुरते आहे! तोटीला जे कळत नाही आणि डोळ्यांना जे दिसत नाही, ते या दोन आकड्यांना शेजारी ठेवताच उघडे पडते.

राहिला प्रश्न हे आकडे जाणकाराकडे पोहोचवण्याचा. बदलापूर या नावाविषयी एक लोककथा सांगितली जाते. दूरच्या प्रवासाला निघालेले स्वार येथे आपले दमलेले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. कथेतील खरेखोटे काहीही असो. पूर्वी दूरची खबर आणावयाची तर घोडा आणि स्वार लागत, हे तर खरेच. आता गच्चीवरील एका छोट्या डब्यात नोंदयंत्र असते. ते दर काही मिनिटांनी सगळी मापे टिपून घेते, आणि मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यातून दूरच्या एका संगणकाकडे पाठवते. डब्यात मोबाइलमध्ये असते तसेच सिमकार्ड असते. फरक इतकाच की, हा मोबाइल आकड्यांखेरीज दुसरे काही बोलत नाही. वादळवाऱ्यात जाळे तुटले, तर नोंदयंत्र आकडे स्वतःजवळ जपून ठेवते आणि संपर्क जुळताच मागची सारी बाकी चुकती करते. विजेच्या बाबतीत अशी दूरची देखरेख पुष्कळ आधीपासून चालत आली आहे. महाराष्ट्रातील कोणत्या केंद्रात किती वीज निर्माण होते आणि ती कोठे जाते, यावर ठाणे-बेलापूर मार्गावरील कळवा येथील भारप्रेषण केंद्रातून अहोरात्र लक्ष ठेवले जाते. उष्णतेच्या वाट्याला हे भाग्य उशिरा आले, एवढेच.

दूरचा संगणक आलेल्या आकड्यांची कालच्या, परवाच्या आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करतो. कित्येकदा तो असे दोष पकडतो, जे गच्चीवर उभ्या असलेल्या माणसालाही सुचले नसते. एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. समजा, रात्री अकरा वाजता टाकीतील पाणी ६० अंशांवर होते. त्यानंतर कोणी एक थेंबही वापरला नाही. टाकीला जाड वेष्टन आहे, म्हणजे पहाटे चार वाजेपर्यंत दोन-तीन अंशच उतरावयास हवेत. परंतु नोंद सांगते ४८ अंश! ही उष्णता गेली कोठे? नोंदीचा पुढचा रकाना वाचला की उत्तर सापडते. गच्चीवरील चपट्या पेट्या रात्रभर कोमट होत्या. सूर्य तर नव्हता; मग त्या तापल्या कशाने? टाकीतील ऊन पाण्याने! पंपाला चालू-बंद करणाऱ्या यंत्राची एक तार सैल झाली होती. ‘वर पाणी तापले आहे’ असा खोटा निरोप ते मिळवत राहिले, आणि पंप रात्रभर टाकीतील पाणी गच्चीवर फिरवीत राहिला. दिवसा सूर्याकडून घेतलेली उष्णता रात्री आकाशाला परत केली जात होती! रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन पेटीला हात लावून पाहणारा माणूस कोठे मिळणार? संगणकाला मात्र रात्र आणि दिवस सारखेच.

अशा वेळी संगणक जाणकाराच्या मोबाइलवर इशारा पाठवतो. हा इशारा केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हे ठरवणे मोठे नाजूक काम आहे. ढगाची सावली पडली की इशारा, पंप पाच मिनिटे थांबला की इशारा, असे होऊ लागले, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे जाणकारही कानांवर हात ठेवील, आणि खरा लांडगा येईल तेव्हा कोणी उठणार नाही. म्हणून तूट लागोपाठ काही दिवस टिकली, तरच साध्या दोषाचा इशारा द्यावा, अशी शिस्त घालून देतात. थाळीवरील भांडे भलतेच तापू लागले, तर मात्र क्षणाचाही विलंब चालत नाही. तेथे माणसाची वाट न पाहता थाळीनेच तोंड फिरवावे, अशी व्यवस्था जागच्या जागी केलेली असते.

मोजणारी उपकरणेही बिघडतात, हे विसरून चालणार नाही. पायरॅनोमीटरच्या घुमटावर धूळ बसली, तर त्याला ऊन कमी दिसते, आणि मग कमी ऊन व कमी उष्णता यांचा मेळ बसून मळलेल्या नळ्याही निर्दोष ठरतात! पहारेकऱ्याच्याच डोळ्यांत धूळ गेली, असा हा प्रकार. म्हणून त्या घुमटाची काच वेळोवेळी पुसावीच लागते, आणि ती पुसण्यासाठी माणसाला जिना चढावाच लागतो. सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या यंत्रांची खरी क्षमता तपासता यावी, यासाठी पुणे विद्यापीठात एक चाचणी केंद्र उभारले गेले. यंत्र विकणाऱ्याचा शब्द आणि यंत्राने प्रत्यक्ष दिलेली उष्णता यांत किती अंतर आहे, हे अशा ठिकाणी कळते.

बदलापूरला पावसाळ्यात अशा यंत्रणेचे चित्र मोठे बोलके दिसते. जून उजाडतो, बारवीच्या बाजूच्या डोंगरांवर ढग दाटतात, आणि संगणकाच्या पडद्यावरील उन्हाची रेघ जमिनीला टेकते. तिच्यामागोमाग उष्णतेची रेघही खाली उतरते. इशारा येत नाही. कारण दोन्ही रेघा हातात हात घालून उतरल्या आहेत. जुलै जातो, ऑगस्ट जातो. विजेचा हीटर बिचारा राबत असतो, आणि ते योग्यच असते. मग नवरात्राच्या सुमारास आकाश धुऊन निघते. उन्हाची रेघ एके दिवशी एकदम ताठ उभी राहते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. उष्णतेची रेघ मात्र अर्ध्या वाटेतच थबकलेली असते.

चौथ्या दिवशी सकाळी कारागीर बादली, फडके आणि चार नव्या नळ्या घेऊन गच्चीवर येतो. काचांवर पावसाळ्यातील शेवाळाचा व चिखलाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. तो धुऊन काढायला तासभर लागतो. नंतर तो प्रत्येक नळीचे खालचे टोक निरखून पाहतो. चांगल्या नळीच्या बुडाशी आतून चंदेरी मुलामा असतो. तो बेरियम नावाच्या धातूचा. नळीत हवा शिरली की तो मुलामा पांढुरका पडतो. रांगेतील तीन नळ्यांची बुडे अशी पांढरी झालेली त्याला आढळतात. त्या काढून तो नव्या बसवतो, उरलेली नळी काखेत मारतो आणि जिना उतरतो. त्या दिवशी सायंकाळी टाकीतील पाणी ६१ अंशांवर पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तिसऱ्या मजल्यावर कोणी तरी तोटी उघडते. पाणी कालच्याइतकेच ऊन असते. फक्त आज हीटरचा लाल दिवा लागलेला नसतो.